लॅपटॉप बिघडला तरी चालेल

नवा लॅपटॉप घरी आला की प्रोग्रामिंग करणाऱ्या मंडळींचा पहिला दिवस साधारण ठरलेला असतो. एडिटरला काळी थीम चढते, टर्मिनलला रंगीत प्रॉम्प्ट येतो, कुणीतरी सांगितलेली दोन-तीन डझन एक्स्टेंशन्स बसतात आणि रात्री उशिरा त्या सगळ्याचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर जातो. हौस म्हणून हे सगळं ठीक आहे. पण त्यातल्या कशानेही प्रोग्राम लवकर लिहून होत नाही.

या प्रकरणात आपण लॅपटॉपची मांडणी एकाच प्रश्नावर तपासणार आहोत. हे यंत्र उद्या सकाळी लोकलमध्ये विसरलं, त्यावर चहा सांडला किंवा त्याच्या मदरबोर्डने राम म्हटलं, तर संध्याकाळी दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर तुमचं काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर तुमची मांडणी चांगली आहे, मग थीम कोणतीही असो. गंमत अशी की संध्याकाळपर्यंत पुन्हा उभं करता येणारं यंत्र रोजच्या वापरातही चपळ असतं. कारण त्यावर काय आहे, कुठे आहे आणि कशासाठी आहे हे मालकाला ठाऊक असतं.

लॅपटॉपवरच्या सगळ्या गोष्टी तीन गटांत मोडतात. पहिला गट पुन्हा उतरवून घेता येणाऱ्या गोष्टींचा: ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, कंपायलर, लायब्ररी. दुसरा गट तुम्ही त्यांना लावलेल्या वळणाचा, म्हणजे सेटिंग्ज, शॉर्टकट, छोट्या स्क्रिप्ट. तिसरा गट जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोष्टींचा: तुमचा कोड, टिपणं, किल्ल्या, फोटो. हे तीन गट एकमेकांत कालवले की लॅपटॉप बदलणं महिनाभराचं दुखणं होऊन बसतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. पैसे मोजकेच असतील तर ते प्रोसेसरच्या नावापेक्षा मेमरी आणि डिस्क यांवर घाला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्याची सरासरी वाट चार मिलिसेकंदांच्या वर, शिवाय ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात उरकतं. एकच मोठा चित्रपट पाहताना हा फरक फारसा कळत नाही. पण प्रोग्रामरच्या डिस्कवर हजारो चिमुकल्या फाइली असतात. जावास्क्रिप्टचा साधा प्रकल्पसुद्धा हजारोंनी फाइली आणतो आणि त्या एकेक करून वाचाव्या लागतात. चार मिलिसेकंद दहा हजार वेळा म्हणजे चाळीस सेकंद. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणं हा आजही सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा देणारा बदल आहे.

मेमरी १६ जीबी असावी. ब्राउझर, एडिटर, डेटाबेस आणि एखादा कंटेनर एकाच वेळी चालवला की ८ जीबी भरते आणि यंत्र डिस्कवर उसनवारी करू लागतं. घेताना एक गोष्ट जरूर विचारा: मेमरी बदलता येते की मदरबोर्डवर कायमची झाळलेली आहे? पातळ लॅपटॉपांत ती बहुधा झाळलेलीच असते, मग पुढे वाढवायचा मार्ग नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या संगणक बाजारात कंपन्यांनी वापरून काढलेले, नीट केलेले व्यावसायिक लॅपटॉप मिळतात. त्यांचा कीबोर्ड चांगला असतो आणि ते उघडून दुरुस्त करता येतात. विद्यार्थ्याने त्याच किमतीच्या नव्या चकचकीत लॅपटॉपऐवजी असं यंत्र घ्यावं, असं माझं मत आहे. फक्त बॅटरी तपासून घ्यावी.

विंडोज, मॅक की लिनक्स या वादात मी वाचकाचा वेळ घेणार नाही. तिन्हींवर उत्तम काम होतं. एवढं मात्र खरं की तुमचा प्रोग्राम शेवटी ज्या सर्व्हरवर चालतो तो बहुधा लिनक्सचा असतो, त्यामुळे लिनक्सची सवय टाळता येत नाही. विंडोज वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय आणली. डब्ल्यूएसएल म्हणतात ती हीच. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल चालतो. ती वापरत असाल तर कोड लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजच्या बाजूला ठेवला तर प्रत्येक फाइलसाठी सीमा ओलांडावी लागते आणि सगळं रखडतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, त्यावर उबुंटू किंवा डेबियन टाकलं की ते आणखी काही वर्षं सुखाने चालतं.

इथे नवख्यांना हमखास छळणाऱ्या काही गोष्टी सांगून ठेवतो. कोडचं फोल्डर वनड्राइव्हसारख्या आपोआप ढगात चढणाऱ्या जागेत ठेवू नका. वर म्हटलेल्या हजारो फाइली वर-खाली करण्यात यंत्र दमून जातं आणि मधेच एखादी फाइल कुलूपबंद सापडते. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. यंत्रावरचं तुमचं वापरकर्ता-नाव रोमन लिपीत असू द्या, कारण मराठी नावाचा रस्ता दिसला की अडखळणारी साधनं अजूनही आहेत. आणखी एक गोष्ट ओळींच्या शेवटाची. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य चिन्हं लिहितं, लिनक्स एकच. त्यामुळे कधी कधी एक शब्द बदलूनही गिट संपूर्ण फाइल बदलल्याचं दाखवतं. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच गिटला ओळींच्या शेवटाचा नियम सांगून टाकला की हा वैताग संपतो.

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे पुन्हा उतरवता येणाऱ्या गोष्टींकडे. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर जाऊन ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत बसणं सोडून द्या. लिनक्सवर एपीटी, मॅकवर होमब्रू आणि विंडोजवर विंगेट हे पॅकेज मॅनेजर एका ओळीच्या आज्ञेत हवं ते बसवतात, नवं करतात आणि काढूनही टाकतात. पण त्यांचा खरा उपयोग आणखी एक आहे. काय काय बसवलं आहे त्याची यादी ते एका मजकुराच्या फाइलमध्ये काढून देतात आणि नव्या यंत्रावर ती यादी हातात दिली की एकामागोमाग एक सगळं बसवत जातात. ती फाइल काही केबींची असते आणि तुमची अख्खी शनिवार दुपार वाचवते.

पायथॉन वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. लिनक्समध्ये सिस्टीमची स्वतःची काही कामं पायथॉनवर चालतात. त्याच पायथॉनमध्ये आपल्या प्रकल्पाच्या लायब्ररी ओतल्या की आज ना उद्या दोन प्रकल्पांची भांडणं लागतात, आणि कधी कधी सिस्टीमच कोलमडते. म्हणून २०१२ साली पायथॉन ३.३ मध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं आवरण करण्याची सोय मुळातच आली. लोकांनी तरी ऐकलं नाही, तेव्हा २०२३ च्या डेबियन १२ ने सिस्टीमच्या पायथॉनमध्ये पिप या साधनाने थेट भर घालायला सरळ नकार देणं सुरू केलं. तो लाल अक्षरांतला नकार पाहून चिडू नका. तो तुमच्या भल्याचा आहे. त्यावर मात करण्याची युक्ती इंटरनेटवर लगेच सापडते, ती वापरू नका.

दुसरा गट सेटिंग्जचा, आणि मला सर्वांत प्रिय तोच आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या बहुतेक साधनांच्या सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात आणि त्या फाइलींची नावं टिंबाने सुरू होतात. म्हणून त्यांना डॉटफाइल्स म्हणायचं. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली यादीत दिसत नाहीत. ही योजना कुणी मोठ्या विचाराने केली असेल असं वाटतं, पण युनिक्सवर काम केलेले प्रोग्रामर रॉब पाइक यांनी सांगितलेली हकीकत वेगळीच आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन खास नोंदी आल्या: एक स्वतःची, दुसरी वरच्या फोल्डरची. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या प्रोग्राममधून त्या वगळायच्या होत्या. पूर्ण नाव तपासायचा आळस करून लिहिणाऱ्याने फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं. परिणामी टिंबाने सुरू होणारं काहीही दिसेनासं झालं, आणि पुढच्या प्रोग्रामरांनी आपल्या सेटिंग्ज लपवायला तीच जागा धरली. एका छोट्या आळसावर अर्धशतकाचा पायंडा उभा आहे.

या डॉटफाइल्स एका फोल्डरमध्ये गोळा करा, गिटमध्ये घाला आणि मूळ जागी त्यांच्याकडे बोट दाखवणारे दुवे ठेवा. आता सेटिंगमधला प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जातो. मंगळवारी काहीतरी बिघडलं तर सोमवारी काय बदललं ते दिसतं. प्रत्येक बदलाशेजारी तो का केला याची एक ओळ मराठीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी आपणच आपल्याला परके झालेलो असतो. दुसऱ्याच्या डॉटफाइल्स गिटहबवर शेकड्यांनी मिळतात. त्या वाचाव्यात, पण जशाच्या तशा उचलू नयेत. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही ती आपल्या फाइलीत असू नये. आणि पासवर्ड, टोकन असलं काही या फोल्डरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका. गिटमध्ये एकदा नोंदलेली गोष्ट पुढच्या नोंदीत पुसली तरी इतिहासात शिल्लक राहते.

या फाइलींत सर्वांत आधी कोणती ओळ घालायची असं विचाराल तर मी आज्ञांच्या इतिहासाची म्हणेन. बॅश मुळात शेवटच्या ५०० आज्ञाच लक्षात ठेवतो. हा आकडा एक लाख करा. मग कंट्रोल आणि आर दाबून दोन-तीन अक्षरं टाइप केली की मागच्या वर्षी अर्धा दिवस खपून जुळवलेली लांबलचक आज्ञा समोर येते. एफझेडएफ नावाचं छोटं साधन जोडलं तर हा शोध आणखी सुखाचा होतो. रोज वाचणारा वेळ म्हणतात तो इथे आहे.

एडिटरची भांडणं जुनी आहेत आणि त्यातल्या सवयींची मुळं त्याहून विचित्र ठिकाणी सापडतात. बिल जॉय यांनी बर्कलीत १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर वेगळ्या बाणांच्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. आजही त्याचा वारसदार व्हिम वापरणारे याच चार कळांनी फिरतात. त्याच कीबोर्डवर ‘होम’ आणि नागमोडी रेघ एकाच कळेवर होती, म्हणून आजही ती रेघ म्हणजे युनिक्समधलं आपलं घरचं फोल्डर. एस्केपची कळ तेव्हा आजच्या टॅबच्या जागी, बोटाशी होती. आज ती दूर कोपऱ्यात गेली आहे आणि व्हिमवाले तिच्या नावाने ओरडतात. कॅप्स लॉक या निरुपयोगी कळेला एस्केप किंवा कंट्रोलचं काम देणं हा त्यावरचा साधा उपाय, आणि व्हिम न वापरणाऱ्यांनीही तो करावा.

व्हिम घ्या, ईमॅक्स घ्या, २०१५ पासून मिळणारा व्हीएस कोड घ्या. जो घ्याल तो वर्षभर सोडू नका. फाइल साठवताना कोड आपोआप नीटनेटका करणारी सोय चालू करा. व्याख्येपाशी उडी मारणं, संपूर्ण प्रकल्पात शोधणं, नाव सगळीकडे एकदम बदलणं, एवढ्या तीन गोष्टी माउसला हात न लावता आल्या पाहिजेत. एक्स्टेंशन्स मोजकी ठेवा. प्रत्येक एक्स्टेंशन हा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम असतो आणि तो तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतो.

आपल्या लॅपटॉपवर आणखी एक काम असतं ज्याचा उल्लेख परदेशी पुस्तकांत येत नाही: मराठी. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिका असं मी आग्रहाने सांगेन. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ही मांडणी प्रमाण म्हणून पुढे आणली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळेवर ‘घ’. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही चालते आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे तयारच असते, म्हणजे नव्या यंत्रावर वेगळं काही उतरवावं लागत नाही. आपल्या संध्याकाळच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते. ज्यांना रोमन अक्षरं टाइप करूनच मराठी उमटायला हवं त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून फोनेटिक कीबोर्डही आहे. दोन्हींत एक अडचण येते. मराठी चालू असताना एडिटरचे शॉर्टकट गोंधळतात आणि व्हिम तर अगदीच मुका होतो. भाषा बदलण्याची कळ बोटांना सवयीची करणं एवढाच इलाज.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रामची चाचणी मराठी मजकुरानेच घ्या. ‘महाराष्ट्र’ हा शब्द बघा. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबाने मात्र त्यात दहा चिन्हं आहेत, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. पायथॉनला लांबी विचारली तर ते दहा सांगेल. यूटीएफ-८ मध्ये साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे झाले तीस. कुणी रकान्याला वीस बाइटची मर्यादा घातली की आपलं राज्य मधेच तुटलंच. यूटीएफ-८ ची ही रचना केन थॉम्प्सन आणि मघाशी भेटलेले रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता, ताटाखालच्या कागदावर आखली. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटकी दिसली तर घाबरू नका. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला एकसारखा चौकोन देतं आणि देवनागरी त्यात मावत नाही. मजकूर शाबूत असतो, फक्त दिसतो वाईट. एडिटरमध्ये मुख्य फॉन्टच्या मागे नोटो सान्स देवनागरी हा दुसरा फॉन्ट नोंदवला की तिथे तरी नीट दिसेल.

कुलूपकिल्लीचं थोडक्यात. डिस्क सांकेतिक करून ठेवा. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. मग लॅपटॉप चोरीला गेला तर फक्त यंत्र जातं. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर ठेवणारे महाभाग असतात. ती कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड घेणं बंद केलं आहे, तेव्हा एसएसएचची जोडकिल्ली करून घेणं सोयीचं. तिला सांकेतिक वाक्य लावा. प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी करा, म्हणजे एक यंत्र हरवलं तर त्याचीच किल्ली रद्द करता येते.

लक्ष विचलित होण्याबद्दल एकच सांगतो. संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मधेमधे व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण आणि वैताग जास्त सोसून. काम झालं म्हणजे व्यत्ययाने काही बिघडलं नाही असं समजू नका. लॅपटॉपवरच्या सूचना बंद करा, फोन आहेच.

उरला तिसरा गट, जो गेला तर परत मिळत नाही. कोड रोज गिटने दूरच्या सर्व्हरवर ढकला. पण गिटला सोपवलेलंच सुरक्षित असतं, न सोपवलेलं नाही. ढगातल्या फोल्डरशी जुळवणी हाही बॅकअप नव्हे, कारण इथे पुसलेली फाइल तिथेही इमानाने पुसली जाते. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. ३१ मार्च हा जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी कुणाला डोकं वर काढायला फुरसत नसते, म्हणून दुसरा एखादा दिवस ठरवा.

प्रती ठेवणाऱ्यांचंही कसं होतं ते पाहा. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं तेव्हा कळलं. पिक्सारच्याच गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीने स्टुडिओत आणला गेला. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबी. त्यांच्याकडे बॅकअपचे अनेक मार्ग होते. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे आधीपासून फसत होता आणि तो फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. नशिबाने त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढली होती, तिच्यावर त्याआधीचं सगळं परत उभं राहिलं.

म्हणून पुढचं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या बॅकअपमधली कोणतीही एक फाइल निवडा, ती दुसऱ्या यंत्रावर उतरवा आणि उघडून पाहा.